निळा रंग आपला कसा झाला?

क्रिकेट आणि इंदूर यांचे नाते सांगायचे तर आपल्याकडे सी. के. नायडू आणि मुश्ताक अली ही दोन नावे आली की पुढचे काही सांगावे लागत नाही. नायडू मूळचे नागपूरचे. १९२३ साली तुकोजीराव होळकर तिसरे यांनी त्यांना इंदूरला बोलावून घेतले आणि ते इंदूरचेच झाले. २५ जून १९३२ रोजी लॉर्ड्सवर भारताने पहिली कसोटी खेळली. दौऱ्याचे कर्णधार होते पोरबंदरचे महाराज. प्रत्यक्ष मैदानावर संघ घेऊन उतरले ते आपले नायडू. बरोबर एक्कावन्न वर्षांनी, २५ जून १९८३ रोजी, त्याच लॉर्ड्सवर कपिलदेवने विश्वचषक उचलला. या दोन दिवसांमध्ये एक साम्य आहे, ते आजच्या मुलांना सांगितले तर चटकन पटत नाही. दोन्ही दिवशी आपला संघ पांढऱ्या कपड्यांत होता.

आज 'भारतीय संघ' म्हटले की निळी जर्सी डोळ्यांपुढे येते. सामन्याच्या दिवशी छप्पन दुकानपासून राजवाड्यापर्यंत निळे सदरे दिसतात, लहान मुलांच्या पाठीवर १८ नाहीतर ४५ आकडा असतो. हा रंग जणू घटनेत लिहिलेला आहे, असेच सगळ्यांना वाटते. तो कुठेच लिहिलेला नाही. मग तो कुठून आला, कोणी ठरवला आणि त्याच्यावर हक्क कोणाचा, याचा मागोवा मला गेली काही वर्षे घ्यावासा वाटत होता. त्यातून जे हाती लागले ते स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवतो.

सुरुवात पांढऱ्यापासूनच करावी लागेल. क्रिकेट हा इंग्लंडच्या उन्हाळ्यातला खेळ. पांढरे कपडे उन्हात तापत नाहीत आणि त्यांच्यासमोर लाल चेंडू स्पष्ट दिसतो, ही त्यातली व्यवहाराची बाजू. दुसरी बाजू मानाची. दिवसभर मातीत खेळून कपडे पांढरे ठेवायचे तर धुणारा नोकर हवा. हिंदुस्थानात हा खेळ पारशी, संस्थानिक आणि लष्करी छावण्या यांच्यामार्फत आला, तोही याच पांढऱ्या वेषात.

पांढऱ्या कपड्यांत सगळे सारखे दिसतात, असे म्हणतात. इथे मला पळवणकर बाळूंची आठवण होते. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करता करता ते गोऱ्या साहेबांना गोलंदाजी करू लागले आणि देशातले सर्वोत्तम डावखुरे गोलंदाज झाले. चर्मकार समाजातले म्हणून त्यांना हिंदूंच्या संघात घेतले खरे, पण चहाच्या वेळी त्यांचा चहा तंबूबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात येई. मैदानात मात्र त्यांच्या अंगावर इतरांसारखाच पांढरा पोशाख असे. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला, तेव्हा त्या संघाचे सर्वांत यशस्वी गोलंदाज बाळूच ठरले. गणवेश माणसांना एका रांगेत उभे करतो, पण तो तंबूच्या दारापर्यंतच पुरतो, हे त्या काळाने दाखवून दिले. पुढे १९२३ साली बाळूंचे धाकटे भाऊ विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. रांगेतली जागा मिळायला इतकी वर्षे लागली.

त्या काळी संघाची ओळख कपड्यांवरून नसे. ती असे टोपीवर, ब्लेझरवर आणि त्यांवरच्या चिन्हावर. आपल्या क्रिकेट मंडळाची स्थापना डिसेंबर १९२८ मधली. त्याचे चिन्ह आजही खेळाडूंच्या छातीवर आहे. नीट पाहिले तर तो एक किरणांचा तारा आहे. इंग्रजांनी १८६१ साली सुरू केलेल्या 'स्टार ऑफ इंडिया' या किताबाच्या ताऱ्याशी त्याचे साम्य सहज दिसते. हा किताब मुख्यतः संस्थानिकांना आणि बड्या अधिकाऱ्यांना मिळे. आपले तुकोजीराव होळकर दुसरे आणि ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे या दोघांनाही तो होता. काही वर्षांपूर्वी, २०१८ मध्ये, केंद्रीय माहिती आयोगानेही हा प्रश्न काढला होता की, गुलामीच्या काळातले हे चिन्ह अजून का चालू आहे? चिन्ह तसेच राहिले.

आता या किताबाच्या फितीचा रंग पाहा. फिकट निळा, दोन्ही कडा पांढऱ्या. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

होळकर संघाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय इंदूरच्या माणसाला पुढे जाववत नाही. १९४१ ते १९५५ या काळात हा संघ रणजी करंडकात खेळला आणि चार वेळा जिंकला : १९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१ आणि १९५२-५३. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे ही माणसे त्यात होती. १९४४-४५ च्या अंतिम सामन्यात तर इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून मुंबईविरुद्ध नाबाद २४९ खेळून गेला, आणि तरीही आपण हरलो! नायडूंना होळकर सैन्यात कर्नलचा हुद्दा होता, आणि त्यांची शिस्त कपड्यांच्या इस्त्रीतही दिसे असे जुनी मंडळी सांगत. मुश्ताक अलींची तऱ्हा वेगळी, गळ्याला रुमाल बांधून ऐटीत पुढे सरसावणारी. पांढऱ्या कपड्यांतही माणूस आपला रंग दाखवू शकतो, तो असा.

रंगीत कपड्यांचा जन्म झाला तो दूरचित्रवाणीसाठी. ऑस्ट्रेलियातला दूरचित्रवाणीचा मालक केरी पॅकर याला सामन्यांच्या प्रक्षेपणाचे हक्क मिळेनात, म्हणून त्याने १९७७ साली जगभरचे खेळाडू पैसे देऊन उचलले आणि स्वतःचेच क्रिकेट सुरू केले. दिव्यांच्या उजेडात सामने ठेवले. दिव्याखाली लाल चेंडू काळपट दिसतो, म्हणून पांढरा चेंडू आणला. चेंडू पांढरा झाला की पांढऱ्या कपड्यांपुढे तो दिसेनासा होतो, म्हणून कपडे रंगवले. जानेवारी १९७९ मध्ये पॅकरचे संघ रंगीत कपड्यांत उतरले : ऑस्ट्रेलियाला बाभळीच्या फुलाचा पिवळा, जागतिक संघाला निळा आणि वेस्ट इंडीजच्या त्या धिप्पाड वेगवान गोलंदाजांना चक्क गुलाबी! ते गुलाबी कपडे त्यांना मुळीच रुचले नव्हते. जुन्या मंडळींनी या सगळ्याची टिंगल 'पायजम्यातले क्रिकेट' म्हणून केली.

पॅकरशी तह झाल्यावर ऑस्ट्रेलियातली तिरंगी मालिका रंगीत कपड्यांत होऊ लागली. १९७९-८० मध्ये इंग्लंडने रंगीत कपडे घालायला साफ नकार दिला. आपली पाळी आली ती १९८०-८१ च्या दौऱ्यात. कर्णधार सुनील गावसकर, संघात दिलीप वेंगसरकर, संदीप पाटील. तिसरा संघ न्यूझीलंड. त्यांना खाकी-तपकिरी रंग मिळाला होता. हीच ती मालिका, ज्यात ट्रेव्हर चॅपेलने शेवटचा चेंडू जमिनीवरून घरंगळत टाकला. आणि याच मालिकेत भारताने आकाशी रंग आणि जोडीला पिवळा असा वेष प्रथम अंगावर घेतला.

आता मुख्य मुद्दा. हल्ली अगदी ठासून सांगतात की निळा हा अशोकचक्राचा रंग, म्हणून तो संघाने घेतला. ऐकायला गोड आहे. पण मी लोकनिर्माण विभागात नोकरी करतो, भिंतीचा रंग म्हटला की आम्हाला आधी शेड क्रमांक लागतो, नुसते 'निळा' म्हणून बिल निघत नाही. चक्राचा निळा हा गडद, ज्याला नेव्ही ब्ल्यू म्हणतात तो. संघाने घेतला तो आकाशी. आणि जोडीला घेतलेला पिवळा तर तिरंग्यात कुठेच नाही. विचार करून पाहा. तिरंग्यातला पांढरा घेता येत नव्हता, कारण चेंडूच पांढरा. हिरवा म्हणजे पाकिस्तान, ही ओळख पक्की झालेली. केशरी घ्यावा तर समोर पिवळा ऑस्ट्रेलिया, आणि दिव्याखाली व त्या काळच्या टीव्हीवर दोन्ही जवळजवळ एकच. उरला निळा. त्यात मंडळाच्या चिन्हाच्या घराण्यातली ती फिकट निळी फीत आधीपासून होतीच. आकाशी रंगाचे मूळ या फितीत असावे, हा तर्क मला चक्रापेक्षा जास्त पटतो. आपल्या हॉकी आणि फुटबॉलच्या संघांची ओळखही निळीच आहे, हेही ध्यानात घ्यावे.

राष्ट्रध्वजात नसलेला रंग संघाने घेणे यात वावगे काही नाही. इटलीचा संघ निळा, तो त्यांच्या जुन्या राजघराण्याचा रंग. हॉलंडचा नारिंगी, तोही राजघराण्याचाच. ऑस्ट्रेलियाच्या ध्वजात हिरवा-सोनेरी नाही, पण खेळाडू वापरतातच म्हणून १९८४ साली त्यांच्या सरकारने तेच राष्ट्रीय रंग म्हणून जाहीर करून टाकले. वेस्ट इंडीजचा तर देशच नाही. अनेक बेटे, अनेक ध्वज आणि एकच मरून टोपी. आपल्या सरकारने असे कोणतेही क्रीडा-रंग आजवर जाहीर केलेले नाहीत.

त्याचा परिणाम असा की शेड बदलत राहिली. मार्च १९८५ मध्ये मेलबर्नला पाकिस्तानला हरवून आपण जागतिक अजिंक्यपद जिंकले आणि रवी शास्त्रीने ऑडी मोटार मिळवली, ती आकाशी-पिवळ्या कपड्यांत. १९९२ च्या विश्वचषकात तोच संघ गडद निळ्यात. हा रंगीत कपड्यांतला पहिला विश्वचषक. सर्व संघांना एकाच नमुन्याचा सदरा दिला होता, खांद्यांवर तेच पट्टे, मूळ रंग तेवढा वेगळा, पाठीवर खेळाडूचे नाव. अनेक जाणकारांना आजही तो सर्वांत देखणा गणवेश वाटतो, आणि मीही त्याच मताचा. एकाच्याही छातीवर जाहिरातीची जत्रा नव्हती, आणि मैदानातल्या कुठल्याही कोपऱ्यातून कोण कोणाचा ते कळे. नंतर १९९६ ला पुन्हा आकाशी. १९९९ मध्ये पाठीवर क्रमांक आले आणि कर्णधाराला १ क्रमांक द्यायची रीत निघाली. २००५ च्या अखेरीस नायकी कंपनी आली, पिवळा गेला आणि तिरंग्याचा फटकारा आला. २००९ मध्ये पुन्हा गडद. म्हणजे कंत्राटदार बदलला की शेड बदलणार, हे आपल्याकडे सरकारी इमारतींपुरतेच नाही!

आपल्या नेहरू स्टेडियमने ही दोन्ही युगे पाहिली आहेत. १ डिसेंबर १९८३ रोजी विश्वविजेत्या भारताला वेस्ट इंडीजने इथे आठ गडी राखून हरवले, तेव्हा सगळे पांढऱ्यात होते. १९८७ च्या विश्वचषकातला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड सामना इथेच, पावसामुळे ३० षटकांचा झाला, ऑस्ट्रेलिया ३ धावांनी जिंकला. तोही पांढऱ्या कपड्यांत आणि लाल चेंडूने. ३१ मार्च २००१ ला सचिनने इथेच एकदिवसीय सामन्यांतल्या दहा हजार धावा पूर्ण केल्या, तेव्हा मात्र मैदान निळे झाले होते.

या मधल्या काळात इंदूरच्या कापडाचे काय झाले, तेही सांगायला हवे. हे शहर सुताचे. सर सेठ हुकुमचंद यांना 'कॉटन किंग' म्हणत. माळवा मिल, हुकुमचंद मिल यांच्या भोंग्यांवर अर्धे शहर उठे. अनंत चतुर्दशीच्या ज्या झांकींसाठी आपण रात्रभर जागतो, ती परंपरा या गिरणी कामगारांचीच. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. दोनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९९२ मध्ये, क्रिकेटचा विश्वचषक रंगीत कपड्यांत सुरू झाला. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. पण सुती कापडाचे दिवस सरले, हे दोन्हीकडून एकदमच कळले. आजची जर्सी पॉलिएस्टरची. कागदावर छापलेली शाई उष्णतेने वाफ होऊन धाग्यात शिरते, अशी ती छपाई असते. सुती धागा ती शाई धरत नाही. शिवाय सुती कापड घाम पिऊन जड होते, पॉलिएस्टर लवकर वाळते. २०१५ ची जर्सी आणि पँट तर प्लास्टिकच्या बाटल्या वितळवून केलेल्या धाग्याची होती, एका पोशाखाला सरासरी ३३ बाटल्या. स्वच्छतेत पहिला नंबर मिळवणाऱ्या आपल्या शहराला हे आवडायला हरकत नाही. हुकुमचंदच्या कामगारांना त्यांची देणी मिळायला मात्र डिसेंबर २०२३ उजाडला.

तिरंगा गणवेशावर आला, त्यामागे कायद्याची एक गोष्ट आहे. ती आम्हा सरकारी मंडळींना विशेष रुचणारी. सचिनच्या हेल्मेटवर तिरंगा असे. पण पोशाखाचा भाग म्हणून राष्ट्रध्वज वापरायला मनाई होती. २००५ साली राष्ट्रसन्मानाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पोशाखावर ध्वज वापरायची मोकळीक मिळाली, अट एवढीच की तो कमरेच्या वर असावा. उशा, रुमाल, अंतर्वस्त्रे यांवर नको. म्हणून आज हेल्मेटवर, छातीवर, खांद्यावर तिरंगा दिसतो, पँटवर दिसत नाही. जर्सीचा नमुना काढणाऱ्याला हा नियम पाठ असावा लागतो.

रंगाचा खरा वाद झाला २०१९ मध्ये. इंग्लंडमधल्या विश्वचषकात दोन संघांचे रंग एकसारखे असतील तर पाहुण्याने बदलायचा, असा नियम होता. इंग्लंड निळा, भारत निळा, आणि यजमान इंग्लंड. ३० जून रोजी बर्मिंगहॅमला आपला संघ पुढून गडद निळ्या आणि पाठ-बाह्या नारिंगी अशा जर्सीत उतरला. त्याआधी आठवडाभर देशात रण माजले. हा भगवा आहे, मुद्दाम आणला आहे, असे एका बाजूचे म्हणणे. भगव्याला नावे ठेवायची हिंमत कशी होते, हे दुसऱ्या बाजूचे. आंतरराष्ट्रीय परिषदेने सांगितले की मंडळापुढे रंगांचे पर्याय ठेवले होते, त्यांतून मंडळाने हा निवडला. आपण ३१ धावांनी हरलो, तर त्याचे खापरही काहींनी जर्सीवर फोडले. आपल्या मंडळाच्या स्वयंसेवकांच्या सदऱ्याचा रंग ठरवायला दोन बैठका लागतात, हे ज्यांना माहीत आहे त्यांना यातले काही नवल वाटू नये. पण मला त्या वादात एक गोष्ट खटकली. तिरंग्यातला एक रंग आपल्याच देशात कुणा एका बाजूचा ठरतो, आणि तिरंग्यात जवळजवळ नसलेला निळा मात्र सगळ्यांचा. १९८० साली निवडणाऱ्यांनी दूरदृष्टीने केले असेल किंवा सहज, पण निळ्याने कुणाचे वैर घेतले नाही.

क्रमांकाबद्दलही लोक असेच हळवे. पालघरचा शार्दूल ठाकूर ऑगस्ट २०१७ मध्ये कोलंबोला १० क्रमांक घालून उतरला, तर सचिनचा नंबर घेतला म्हणून लोक त्याच्यावर तुटून पडले. बिचाऱ्याने पुढे ५४ घेतला. १० कायमचा बाजूला ठेवला गेला.

२०२३ पासून आदिदासची जर्सी आली. ती आकिब वाणी या तरुण कलाकाराने रेखाटली आणि तिच्यावरची नक्षी इकत विणकामावरून घेतली. इकत ओडिशाचे, तेलंगणाचे, गुजरातचे. हातमागाचा विचार झाला हे उत्तमच. पण नर्मदाकाठी महेश्वरला अहिल्याबाईंनी विणकर वसवले, तिथल्या किल्ल्याच्या दगडी नक्षीवरून माहेश्वरीचे काठ निघाले, ती किनार एखाद्या जर्सीच्या कॉलरवर यायला काय हरकत आहे? हा माझा पक्षपात समजा.

कसोटीने पांढरा अजून सोडलेला नाही. २०१९ पासून पाठीवर नाव-क्रमांक आले, इतकेच. दिवस-रात्रीच्या कसोटीत कपडे पांढरेच ठेवायचे म्हटल्यावर चेंडू बदलावा लागला. तो गुलाबी झाला. नोव्हेंबर २०१९ मध्ये आपल्या होळकर स्टेडियमवर बांगलादेशाविरुद्धची कसोटी तीन दिवसांत संपली आणि पुढच्या आठवड्यात कोलकात्याला होणाऱ्या भारतातल्या पहिल्या गुलाबी कसोटीचा सराव आपल्या खेळाडूंनी इथल्याच दिव्यांखाली केला. १९७९ साली चेंडूमुळे कपडे बदलले, चाळीस वर्षांनी कपड्यांमुळे चेंडू बदलला. आणि आपल्या दोन थोर इंदूरकरांच्या नावांची वाटणीही मजेची झाली आहे. सी. के. नायडूंच्या नावाची तरुणांची स्पर्धा पांढऱ्यात खेळली जाते, तर मुश्ताक अलींच्या नावाची वीस षटकांची स्पर्धा रंगीत कपड्यांत. ज्याने वाटणी केली त्याने दोघांचे स्वभाव ओळखले होते म्हणायचे.

राहिला प्रश्न छातीवरच्या नावाचा. विल्स, सहारा, स्टार, ओप्पो, बायजूज, ड्रीम इलेव्हन. देशाच्या नावापेक्षा ही नावे ठळक असत. सिगारेटपासून ऑनलाइन पैशाच्या खेळापर्यंत सगळे काही देशाच्या खेळाडूंनी छातीवर वागवले. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा आला, ड्रीम इलेव्हन गेले आणि सप्टेंबरच्या आशिया चषकात आपला संघ प्रायोजकाच्या नावाशिवाय खेळला. नंतर अपोलो टायर्स आले. विश्वचषकात मात्र नियमच असा की छातीवर देशाचे नाव आणि प्रायोजक बाहीवर. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी महिला विश्वचषकात भारत-इंग्लंड सामना आपल्या होळकर स्टेडियमवर झाला, तेव्हा सांगलीच्या स्मृती मानधनाच्या छातीवर फक्त 'इंडिया' होते. तिने ८८ धावा केल्या आणि आपण ४ धावांनी हरलो. स्टेडियमबाहेर निळे सदरे घातलेली मुले-मुली गप्पपणे घरी निघाली. दोन आठवड्यांनी, २ नोव्हेंबरला, त्याच निळ्या जर्सीत महिलांनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला.